कानाची खुर्ची

वेरले रुलांट्सला नव्या वस्तूंचा राग नव्हता, तिला त्यांची कीव यायची. दुकानातून थेट आलेलं कोरं करकरीत टेबल पाहिलं की ती म्हणायची, "बिचाऱ्यावर अजून कुणी कोपरसुद्धा टेकलेलं नाही." वीस-बावीस वर्षं ती गेंट शहरात लोकांची घरं सजवून देत होती. दंतवैद्यांची, वकिलांची, हातात नुकताच पैसा खेळू लागलेल्या तरुण जोडप्यांची. त्यांना सगळं पांढरं हवं असायचं. वेरले हो हो म्हणायची आणि त्या पांढऱ्यात हळूच एखादं जुनं ओकचं कपाट, एखादा पारा उडालेला आरसा घुसवून द्यायची. मग महिन्याभरानं तीच मंडळी आल्यागेल्याला त्या कपाटापुढे उभं करून मिरवायची.

तिचं स्वतःचं घर कालव्याकाठी होतं, अरुंद आणि तीन मजली, आणि जिन्यापासून माळ्यापर्यंत जुन्या सामानानं गच्च भरलेलं. नवरा बाव्हो शाळेत भूगोल शिकवायचा. "आमच्याकडे चाळीस खुर्च्या आहेत आणि बुडं दोन," असं तो पाहुण्यांना सांगायचा. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं पूर्वी बोलत, मग बोलेनाशी झाली, आणि पुढे तर आपण ते विसरलो असंच दोघांनाही वाटू लागलं.

जुन्या सामानाच्या बाबतीत तिचा एकच हट्ट होता. झीज पुसायची नाही. पॉलिश करा, पाय मजबूत करा, स्प्रिंगा बदला. पण जिथे कुणाचा अंगठा पन्नास वर्षं घासला गेलाय तिथे रंधा लावायचा नाही. तिच्या मते लाकूड सुताराचं, कापड विणकराचं, झीज तेवढी त्यात राहणाऱ्याची.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती टोंगेरनच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेली होती. लांबेर्ट नावाचा म्हातारा विक्रेता तिथे नेहमीच्या जागी, व्हॅनच्या मागच्या फळकुटावर बसून वाडग्यातून सूप भुरकत होता. त्याच्या पाठीमागे, दोन पितळी दिव्यांच्या आड, ती खुर्ची होती. डोक्याशी दोन्हीकडून पुढे वळलेले पंख असलेली, तिकडे कानाची खुर्ची म्हणतात तसली. पाय अक्रोडाचे, बैठक जरा ठेंगणी, अंगावर शेवाळी मखमल. ती पाहताच वेरलेनं हातमोजे काढले. आवडती वस्तू दिसली की ती तसं करायची.

ती खुर्चीभोवती एक फेरी मारून ओल्या दगडांवर गुडघे टेकून बसली. उजव्या बाजूची मखमल जवळजवळ नवी होती. डावीकडे मात्र, हाताच्या बाहेरच्या अंगाला, लव पार उडालेली होती. कापड काळपट, तुळतुळीत झालं होतं, घोड्याच्या जिनासारखं. आतली फळी बोटांना लागत होती. आणि हे सगळं हात ठेवायच्या जागी नव्हतं, बाहेरून होतं, जिथे बसणाऱ्याचा हात जातच नाही.

"कुत्रा," लांबेर्ट सूप भुरकणं न थांबवता म्हणाला. "कुत्री टेकतात अशी."

वेरलेनं नाक लावून वास घेतला. कुत्र्याचा वास कापडातून जन्मात जात नाही, आणि इथे तो नव्हता. साबणाचा होता, तळघराचा होता, आणि कसलातरी गोडसर, नाशपतीच्या पाकासारखा. शिवाय कुत्र्याचा डाग एका उंचीवर असतो. हा डाग जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होऊन वेलीसारखा वर वर चढत हाताच्या कडेपर्यंत आला होता. हे तिच्या लक्षात आलं, पण हाव सुटली की माणूस लक्षात आलेलंही बाजूला सारतं. तिनं लांबेर्टनं सांगितलेली किंमत मुकाट्यानं काढून दिली.

"बरंबिरं नाही का तुला, पोरी?" तो म्हणाला. "घासाघीस नाही, शिव्या नाहीत. मला चुकल्यासारखं होतंय."

खुर्ची घेतली होती ती एका नोटरीच्या बायकोसाठी, तिच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवायला. दोन दिवस आपल्याकडे राहू दे म्हणून वेरलेनं ती रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीपाशी, जुन्या लाल गालिच्यावर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बाव्हो तिच्यात बसून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत होता. त्याला उत्तरं मोठ्यानं वाचायची खोड होती. "'नाईल नदी पुढे जाऊन ॲमेझॉनला मिळते.' वा रे पठ्ठ्या! 'वाळवंटात पाऊस पडत नाही कारण तिथे कोणी राहत नाही.'" वेरले टेबलापाशी कापडाचे नमुने लावत होती. तिनं हसून वर पाहिलं, आणि तिला दिसलं की उजव्या हातानं लाल रेघा मारणाऱ्या बाव्होचा डावा हात खुर्चीबाहेर खाली लोंबतोय. नुसता लोंबत नव्हता. बोटं सावकाश, गोल गोल फिरत होती.

"कुणाला गोंजारतोयस?"

"ऑं?" बाव्होनं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे. "काही नाही. अवघडला होता."

त्याच आठवड्यात नोटरीची बायको खुर्ची बघायला आली. बसल्या बसल्या तिचा फोन वाजला. ती कुणाशीतरी नळदुरुस्तीवरून तावातावानं भांडू लागली आणि तिचा अंगठ्यांनी भरलेला डावा हात खाली गेला. भांडण चालूच, आणि हात मात्र मायेनं कुणाच्यातरी कानामागून फिरावा तसा फिरतोय. फोन ठेवून ती उठली, जाता जाता तिनं नकळत स्वतःचा तळवा हुंगला. "मस्तच आहे हो! कधी पाठवताय?"

"ही नाही देता येणार," वेरले म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "हिचा पाय खिळखिळा आहे. तुम्हाला दुसरी शोधते."

रविवारी बाव्होची आई जेवायला आली. फिलोमेनाबाई पंच्याऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी बाव्होला लहानपणी जवळ घेतल्याचं बाव्होला आठवत नव्हतं, आणि त्यांनाही नसावं. जेवण झाल्यावर त्या खिडकीशी जाऊन बसल्या, कॉफी हातात घेऊन गावभरच्या मयतांची बातमीपत्रं देऊ लागल्या. बोलता बोलता हात खाली गेला. वेरलेनं बाव्होला कोपरानं ढोसलं. आणि मग बाई मध्येच थांबल्या, मान जराशी खाली कलती केली, आणि त्या दोघांनी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "बास, बास. हो गं बाई. झालं हं."

"आई, कुणाशी बोलताय?" बाव्होनं विचारलं.

"मी? तुमच्याशीच तर बोलतेय मघापासून. आणि कॉफी गार झाली माझी. तुमच्या घरात वारा कुठून येतो कोण जाणे, पैसे सगळे लाकडात घालता."

हे सगळं वेरलेनं पाहिलं, आणि तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. कारण ती स्वतः रोज त्या खुर्चीत बसत होती. सकाळी कॉफी घेऊन, दुपारी काम संपवून, पाठ टेकून, डोळे मिटून, एक शब्द न बोलता बसत होती. डावा हात मुद्दाम खाली सोडत होती. तो नुसता लोंबत राही आणि थोड्या वेळानं त्याला मुंग्या येत. जिनं त्या खुर्चीवर जीव टाकला होता तिलाच तेवढं काही होत नव्हतं.

मग तिला गालिचा दिसला. खुर्चीच्या डावीकडे त्याची लव गोल दबलेली होती, कुणी मांडी घालून बसून उठावं तशी. ती पायानं उलटी घासून लव उभी करायची. बाव्हो शाळेतून येऊन तास-दोन तास खुर्चीत बसला की पुन्हा तो गोल.

पुढच्या आठवड्यात बाव्हो उत्तरपत्रिका घेऊन स्वयंपाकघरात बसू लागला.

"तिकडे उजेड चांगला आहे की," वेरले म्हणाली.

"इथे बरं पडतं."

"घाबरलास?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं. "परवा लक्षात आलं माझ्या, हात फिरतोय ते. म्हणून मी थांबवला. मुद्दाम. तर..." त्यानं आपला तळवा उघडून पाहिला. "तर खालून कुणीतरी डोकं वर ढकललं. मांजर नाही का ढकलत, थांबू नको म्हणून? तसं."

वेरलेनं लगेच लांबेर्टला फोन लावला. खुर्ची कुठली, एवढं तरी त्याला ठाऊक असणार. बोर्गलूनच्या पलीकडचं गाव, त्यानं सांगितलं, फळबागांच्या मधलं, पाक उकळायच्या जुन्या भट्टीला लागून घर. ओडिल नावाची म्हातारी अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली, पुतण्यानं घर रिकामं केलं. "पण का गं? कीड निघाली का?"

"नाही, कीड नाही," वेरले म्हणाली.

गावात पोचली तेव्हा धुकं होतं आणि नाशपतीची झाडं तारांना बांधलेल्या ओळींत उघडीबोडकी उभी होती. घराला कुलूप होतं. शेजारच्या घरातली बाई पडदा सारून पाहत होती. वेरले दाराशी जाण्याआधीच तिनं दार उघडलं. तिचं नाव ऑगस्टा. सत्तरीची, ठसठशीत, बोलायला कुणीतरी हवंच असलेली. खुर्चीचं नाव काढताच तिनं वेरलेला आत घेतलं आणि खिरीच्या टार्टचा भला मोठा तुकडा पुढे ठेवला.

"शेवाळी ना? पंखांची? ती खुर्ची विकली त्या मेल्या पुतण्यानं? मला वाटलं जाळली असेल. खा हो, संकोच करू नका. ओडिल कायम त्याच खुर्चीत. आणि खाली तिची इर्मा."

"इर्मा म्हणजे... कुत्री?"

ऑगस्टानं सुरी खाली ठेवली. "लेक तिची. जन्मापासून ठार बहिरी. नन्सच्या शाळेत घातली होती, पण पोर जेवेचना, परत आणली. मग ओडिलला कधीतरी कळलं की आपण खुर्चीत बसून बोलायला लागलो की पोर येऊन फळीला कान लावते. आवाज लाकडातून जातो ना! तिला तो अंगात कळायचा. शब्द नाही हो कळायचे, पण आई कळायची. झालं, तेव्हापासून रोज दुपारी ओडिल मोठमोठ्यानं वाचायची. काहीही. वर्तमानपत्र, बियाण्यांच्या जाहिराती, पाकाच्या बरणीवरचा कागद. आणि एक हात पोरीच्या डोक्यावर. गप्प झाली की इर्मा फळीवर टकटक करायची. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं ते. 'वाच' म्हणून."

वेरलेला तो डाग आठवला, वीतभर उंचीवरून वर चढत गेलेला. तो कुणाचं तरी वाढणं होता. आता तिला हेही कळलं की आपल्याच वाट्याला काही का आलं नाही. बाव्हो उत्तरं वाचत होता, नोटरीची बायको भांडत होती, सासूबाई मयतं सांगत होत्या. खुर्चीत बसून तोंड मिटून राहिलेली ती एकटीच.

"किती वर्षांची होती?" तिनं हलक्या आवाजात विचारलं. "इर्मा गेली तेव्हा?"

"गेली? कुठे गेली?" ऑगस्टा म्हणाली. "अहो, सिंट-त्रुइडनजवळच्या वृद्धाश्रमात आहे ती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ठणठणीत आहे. पुतण्यानं नेऊन ठेवली, आईच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी."

वेरलेनं टार्टचा उरलेला तुकडा बाजूला सारला.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा बाव्हो अजून शाळेत होता. अंगातला कोट न काढता ती खुर्चीत बसली. हाताशी पडद्याच्या कापडांचा नमुनासंच होता, तोच उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "कच्चं लिनन, राखाडी. कच्चं लिनन, गव्हाळ. जाड सुती, धुवायला सोपं..." आपला आवाज रिकाम्या खोलीत तिला वेडगळ वाटला. तिसऱ्या पानावर खुर्ची केसभर डावीकडे कलली.

कुणीतरी टेकलं होतं. वजन होतं त्याला. वेरले वाचत राहिली आणि तिचा हात तिनं न नेता खाली गेला. बोटांना केस लागले. विरळ, मऊ, नीट विंचरलेले केस, कानाच्या वर एक बारीक पिन लावलेली. त्याखाली ऊबदार टाळू. लहान मुलाचं डोकं नव्हतं ते. म्हाताऱ्या बाईचं होतं. मान वळवून खाली पाहण्याचा तिला धीर झाला नाही. समोरच्या काळसर आरशात खुर्ची दिसत होती, तीत बसलेली ती दिसत होती, आणि गालिच्यावर काहीही नव्हतं.

तिचं वाचणं थांबलं.

टक टक.

बाहेरून, फळीवर, तिच्या मांडीपासून चार बोटांवर.

"रेशमी, उभ्या रेघांचं," वेरले घाईघाईनं वाचू लागली. "रेशमी, बिनरेघांचं..." संच संपला तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतला. खिडकीबाहेर कालवा काळा होत गेला. बाव्होनं येऊन दिवा लावला तेव्हा ती अंधारात जवळजवळ पाठ म्हणत होती आणि तिचा घसा बसला होता.

इतकं झाल्यावर कुणीही शहाण्या बाईनं दुसऱ्या दिवशी खुर्ची घराबाहेर काढली असती. वेरलेनं दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची भेट रद्द केली. तिसऱ्या दिवशीही. बाव्होला ती म्हणाली, खात्री करून घेतेय. खरं असं होतं की तिच्या अंगाला टेकून असं कुणी कधी बसलं नव्हतं. दुपार झाली की तिचं कशात लक्ष लागेना. ती जुनी मासिकं काढून ठेवू लागली, कुठलं वाचायला बरं, कशात लांब लांब वाक्यं आहेत. एकदा वाचता वाचता तिनं ती पिन सुटलेली चाचपली आणि अंदाजानं नीट लावून दिली. तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की ती रडली. रडणंही लाकडातून गेलं असावं, कारण ते डोकं हळूच तिच्या मनगटाशी येऊन घासलं.

बाव्हो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"वेरले," तो म्हणाला, "ती बाई जिवंत आहे."

"माहीत आहे मला."

"मग ती आत्ता तिकडे काय करत असेल, असं नाही का येत तुझ्या मनात?"

"तुला हात लावायची छाती नाही, आणि मला शिकवतोस?" ती एकदम कडाडली.

"खुर्ची तू विकत घेतलीस. ते डोकं नाही घेतलंस."

ती पाय आपटत वर झोपायला गेली. सकाळी मात्र तिनंच व्हॅनची किल्ली त्याच्यापुढे ठेवली.

वृद्धाश्रम बैठा, स्वच्छ, फरशीला लिंबाचा वास असलेला. कारीन नावाची परिचारिका त्यांना आत घेऊन गेली. खुर्ची उचलून आणणाऱ्या बाव्होला दार धरता धरता ती बोलत होती. "बरं झालं तुम्ही आलात. आम्हाला कळेचना तिचं. आली तशी भिंतीला कान लावून बसायची, उजवा कान, सारखी. भिंतीवर डाग पडलाय बघा. हसणं नाही, रडणं नाही. आणि मग गेल्या काही आठवड्यांत दुपारी दुपारी हसायला लागली. एका रविवारी तर खुदुखुदु." कारीन थांबली. "एक सांगू का? हसाल तुम्ही. तिचे केस मी स्वतः सकाळी विंचरते. दुपारी जाऊन बघावं तर विस्कटलेले असतात. डोकं उजवीकडे भिंतीला टेकलेलं, आणि केस विस्कटलेले डावीकडचे. हात तिचे दोन्ही मांडीवर. या चार-पाच दिवसांत तर रोजच. परवा पिन लावलेली होती, पण मी लावते तशी नाही, उलटी."

वेरलेनं बाव्होकडे पाहिलं नाही.

इर्मा खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. लहानखुरी, गालांना अजून लाली असलेली. भिंतीवर तिच्या कानाशी तेलकट गोल डाग होता. बाव्होनं खुर्ची खोलीच्या मध्ये ठेवली. इर्माला आश्चर्य वाटलंच नाही. तिनं खुर्ची पाहिली, उठली, आणि कारीन "अगं, गुडघे! गुडघे!" म्हणेपर्यंत खाली जमिनीवर बसलीसुद्धा. पाय दुमडून, पाठ जराशी ढिली सोडून. डोकं उजवीकडे गेलं आणि मखमलीवरच्या त्या तुळतुळीत जागेत बरोब्बर बसलं.

वेरलेनं वर्तमानपत्र आणलं होतं. आता आपण बसायचं, वाचायचं. वाटेत तिनं बातमीही निवडून ठेवली होती. ती पुढे झाली तर इर्मानं हात वर केला. रागानं नाही. काही ऐकत असताना कुणी मोठ्यानं बोलत आत आलं तर आपण करतो तसा, थांबा जरा म्हणून.

इर्मा ऐकत होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित हलत होते, मग चेहऱ्यावर हसू आलं, मग ते वाढलं. खुर्ची रिकामी होती. खोलीत आवाज नव्हता, लांब कुठेतरी जेवणाची ढकलगाडी खडखडत होती तेवढाच.

वेरले दुसऱ्या बाजूनं गुडघ्यांवर बसली आणि तिनं उजव्या हाताच्या फळीवर तळवा ठेवला. लाकूड गुणगुणत होतं. मधमाश्यांच्या पेटीवर हात ठेवावा तसं, पण एकसुरी नाही. चढत होतं, उतरत होतं, थांबत होतं, वाक्य संपावं तसं. तिनं कान लावला. शब्द कळले नाहीत. म्हातारा, बारीक, सवयीचा एक आवाज मात्र होता, आणि मध्ये मध्ये पान उलटण्याएवढी शांतता. एकदा ती शांतता जरा लांबली. इर्मानं बोटाच्या पेरानं फळीवर टकटक केलं. गुणगुण पुन्हा सुरू झाली.

इर्माच्या कपाळावर एक पांढरी बट आली होती. ती कानामागे गेली. इर्माचे दोन्ही हात मांडीवर होते.

कारीननं छातीवर क्रॉसची खूण केली आणि पाणी आणते म्हणून निघून गेली. बाव्हो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. वेरले उठली. तिला तिथे थांबावंसं वाटत होतं आणि थांबायचा काही हक्क नव्हता. वर्तमानपत्र घडी घालून तिनं खिडकीत ठेवलं आणि दोघं बाहेर पडली.

व्हॅन हमरस्त्याला लागली. मग बाव्हो म्हणाला, "तिची आई काय वाचत होती, कळलं का?"

"नाही."

"माझ्या मते जाहिराती," तो म्हणाला. वेरलेनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. गाडी चालवताना तसं टेकलेलं त्याला आवडत नसे. या वेळी त्यानं तिला तसंच टेकू दिलं.

इर्मा त्यानंतर दोन हिवाळे जगली. वेरले अधूनमधून टार्ट घेऊन जायची, पलंगाच्या कडेला बसायची. खुर्चीत कधी बसली नाही. घरच्या गालिच्यावर पुन्हा तो गोल उमटला नाही. पहिले काही महिने ती सकाळी उठल्या उठल्या तिकडे बघायची, मग त्या जागी तिनं एक टेबल ठेवलं. इर्मा झोपेतच गेली. कारीननं फोन केला, खुर्ची घेऊन जाता का म्हणून. वेरले म्हणाली, असू दे तिथेच. आता त्या खोलीत पूर्वी बेकरी चालवणारा एक म्हातारा राहतो. तो त्या खुर्चीत बसून दिवसभर रेडिओ लावून पेंगतो. कारीन आत जाताना अजूनही त्याच्या डाव्या हाताकडे बघते. तो पोटावर असतो.

वेरलेनं धंदा सोडला नाही. टोंगेरनला ती अजून जाते, ओल्या दगडांवर गुडघे टेकते, वस्तूला नाक लावते. फरक एवढाच की पाकीट काढण्याआधी ती विचारते, "या घरातलं कुणी मागे आहे का?" आणि लांबेर्टला उत्तर येत नसलं तर खरंच त्या गावाला जाऊन दारं ठोठावून येते. लांबेर्ट हताश होतो.

"पोरी," तो म्हणतो, "खुर्ची घे की गुमान. अख्खं घराणं कशाला घेतेस?"